हौदात हात घातला तेव्हा

मिळकतकरात सवलत घेणाऱ्या सोसायट्यांची पाहणी करणं हे आरोग्य निरीक्षक म्हणून माझं एक काम. पुण्यात सौरऊर्जा, पर्जन्य जलसंधारण आणि गांडूळ खत यांपैकी एक प्रकल्प असेल तर 5 टक्के, दोन असतील तर 10 टक्के सूट मिळते. अट अशी की प्रकल्प चालू हवा. त्या मार्चमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या 120 घरांच्या एका सोसायटीत मी गेले, ती गांडूळ खत बघायला.

सेक्रेटरी काकांनी फाइल तयार ठेवली होती. फोटो, पावत्या, सगळं नीट लावलेलं. हौद बघू म्हटलं तर शेडची किल्ली सापडेना. अर्ध्या तासानं कुलूप उघडलं. चार हौद. एकात मोडक्या खुर्च्या, एकात रंगाचे डबे, उरलेल्या दोघांत भेगा पडलेला काळा थर. हात घालून उकरलं. एकही गांडूळ नाही.

"अहो मॅडम, विकत आणून सोडली होती हो," काका म्हणाले. "महिन्यात मेली. वास सुटला, तळमजल्यावाले भांडायला आले. माळी गावाला गेला तो परत आलाच नाही." माणूस खोटं बोलत नव्हता, दमला होता.

तेवढ्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या मावशी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन शेडपाशी थांबल्या. "ताजा कचरा तापतो, मॅडम. त्यात ती जगणार कशी? आधी पंधरा-वीस दिवस पाल्यात कुजू द्यायचा, गार झाला की मग गांडुळं. आणि पाला तर हे लोक गाडीत देतात." फाटकाशी वाळक्या पानांच्या नऊ गोण्या रचलेल्या होत्या. गांडूळ खताचं गणित मी प्रशिक्षणात शिकले होते, पण या हौदाचं काय बिघडलं हे मावशींनी उभ्या उभ्या सांगितलं.

काकांनी मला बाजूला घेतलं. "बंद असं लिहू नका. जूनमध्ये सुरू करतो, शब्द देतो." मन क्षणभर डगमगलं. पण नोकरीच्या सुरुवातीला मी उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो पाहिलाय. घरटी अर्धा किलो ओला कचरा धरला तरी या एका आवारातून रोज 60 किलो बाहेर जातो. तो ढिगाखाली हवेविना सडला की मिथेन होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट भारी पडतो. शिवाय नेणाऱ्या गाडीचं डिझेल. त्या गावांनी आमचा वास किती वर्षं सोसला, हे मला विसरता येत नाही. शहरानं कार्बन कमी केला असं ज्या आकड्यांवरून म्हणायचं, त्यात हा रिकामा हौद 'चालू' म्हणून मोजला गेला, तर तो आकडाच खोटा.

मी 'बंद' लिहिलं. काका काही बोलले नाहीत, फाइल मिटून घेतली. निघताना एवढंच म्हटलं, "पाला गाडीत देऊ नका. आणि मावशींना या कामाचे वेगळे पैसे द्या. त्या फक्त कचरा उचलायला येतात, हौद सांभाळणं हे निराळं काम आहे."

ऑगस्टमध्ये त्यांचा फेरतपासणीचा अर्ज आला. पाऊस धरलेला होता. दोन हौदांत पाल्याचा थर आणि कचरा एकाआड एक. पहिल्यात लोखंडी सळई खुपसून काढली, तर बोटाला चटका बसेल इतकी गरम. तिसरा हौद गार, वर ओलं गोणपाट. काकांनी स्वतः कोपरा उचलला. खाली लाल, बारीक, वळवळणारी गांडुळं. "बघा, बघा," म्हणत ते बराच वेळ वाकून राहिले. मावशी मागे फावडं घेऊन उभ्या होत्या. पगार मे महिन्यापासून सुरू झालाय, त्यांनी सांगितलं.

पाहणीच्या फॉर्मात प्रकल्प आहे की नाही, चालू की बंद, एवढेच रकाने आहेत. रोज हौदातला कचरा कोण हलवतं, यासाठी जागा नाही. मी 'चालू'वर खूण केली आणि खाली शेऱ्यात मावशींचं काम लिहिलं: आठवड्यातून सहा दिवस, सकाळी साडेआठ ते साडेनऊ.