कराड ते चिपळूण, कुंभार्लीमार्गे

कराडहून एसटी सुटली की पाटणपर्यंत खिडकीबाहेर ऊसच ऊस. एवढा टप्पा झोपेत गेला तरी चालतो. पाटण मागे पडलं की मात्र जागं राहावं. दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात, भातखाचरं लागतात आणि रस्ता कोयनेच्या काठाकाठानं वर सरकू लागतो.

कोयना तशी हट्टी नदी. महाबळेश्वरला उगम, तिथून दक्षिणेकडे येते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, पण बाई निघाल्या बंगालच्या उपसागराला! रस्त्याला मात्र तिचा फायदाच झाला. तिच्या खोऱ्यामुळे हेळवाकपर्यंतचा चढ फारसा जाणवत नाही. खरी उतरण आहे ती पुढे, कुंभार्ली घाटात.

वाट जुनी आहे. दाभोळच्या खाडीतून आलेली गलबतं चिपळूणजवळ गोवळकोटला लागायची. तिथलं मीठ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर घाट चढायची आणि देशावरचं धान्य खाली उतरायचं. या टापूवर नजर ठेवायला जंगली जयगड उभा. पुढे हाच गुहागर–विजापूर राज्यमार्ग झाला. आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६ ई आहे, पण गाडीत तो आकडा कुणाच्या तोंडी ऐकला नाही. सगळे आपले 'कुंभार्लीनं जातो' एवढंच म्हणतात.

कोयनानगरजवळ शेजारचे आजोबा भूकंपाबद्दल बोलू लागले. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. इथल्या माणसांच्या बोलण्यात काळाचे दोन भाग असतात, भूकंपाआधीचा आणि नंतरचा. १०३ मीटर उंचीचं धरण मात्र तगलं. त्याचं पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात उतरतं, तिथून कोळकेवाडी आणि मग वाशिष्ठी. नदीनं टाळलेला समुद्र तिच्या पाण्याला असा गाठावा लागला.

घाटमाथ्यावर सातारा जिल्हा संपतो, रत्नागिरी सुरू होतो. चालकानं गिअर खाली घेतला आणि इंजिनाचा घरघराट अंगात भरला. एका वळणावर खालून चिऱ्यांनी भरलेला ट्रक धापा टाकत आला. आमची गाडी कडेला थांबली. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा घाटाचा कायदा. ट्रकवाल्यानं खिडकीतून हात वर केला, चालकानंही केला; एवढाच संवाद. दोन-चार वळणांत हवा दमट झाली, माती लाल झाली, कौलारू घरं दिसू लागली.

पोफळी, शिरगाव पटापट मागे गेलं आणि बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा महामार्ग आडवा आला. चिपळूण–कराड रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं ऐकतो आहे. ती येईल तेव्हा येईल. तोवर पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे ना, एवढं एसटी स्टँडवर विचारून घ्यावं. दरड आली असेल तर आंबा घाटाचा लांबलचक वळसा नशिबी येतो.