साठ गुणांत बरा

“सयाजीबागेत रोज एक फेरी वाढवा, ताकद येईल,” डॉक्टर म्हणाले. वाढवली. दोन दिवसांनी वेणी घालायलाही हात वर जाईना. मला एमई/सीएफएस आहे, म्हणजे सततच्या थकव्याचा आजार; या आजारात श्रमाचा त्रास असा उशिरा येतो, हे घरच्यांनाही पटत नाही.

दांडिया बाजारातल्या सुधाताईंनाही हेच दुखणं. आम्ही फोन उशाशी ठेवून पडल्यापडल्या बोलतो. त्या बँकेतून निवृत्त, आकड्यांच्या बाबतीत भारी चिकट. त्यांनीच सांगितलं: व्यायाम वाढवत नेण्याच्या सल्ल्याला रुग्णांवरच्या ज्या ब्रिटिश ‘पेस’ चाचणीने बळ दिलं, ती २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तीत शारीरिक क्षमतेचे शंभरात ६५ किंवा कमी गुण असले की रुग्ण म्हणून प्रवेश. आणि बरं झाल्याच्या निकषांत याच मोजपट्टीवर ६० पुरे!

“म्हणजे पाच गुण घसरूनही पास? अगं, आमच्या शाखेत असा ताळेबंद चालला नसता!” मूळ आराखड्यात हीच अट ८५ची होती. एका ऑस्ट्रेलियन रुग्णाच्या पाठपुराव्यामुळे २०१६मध्ये चाचणी घेणाऱ्या लंडनच्या विद्यापीठाला तिचे आकडे द्यावे लागले. (रुग्णांनाच हे करावं लागलं, याचा मला राग येतो.)

२०२१मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने तो व्यायामाचा सल्ला काढून टाकला. सुधाताईंनी त्याची प्रिंट काढलीय, पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवणार आहेत. ते वाचतील का, शंकाच आहे.