हलका घडीचा चाकू निवडताना: माझा अनुभव (डावखुऱ्यांनी जरूर वाचा)

रोज खिशात राहील असा हलका चाकू हवा होता. काम काय तर पार्सल उघडणं, दोरी कापणं, एखादं फळ चिरणं, बास. पण मी डावखुरा, आणि बरेचसे घडीचे चाकू उजव्या हाताच्या हिशोबाने केलेले असतात, त्यामुळे शोध वजनापासून सुरू झाला आणि लॉकवर, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणाऱ्या अडकवणीवर, येऊन थांबला.

आधी वजन. जुना चाकू घरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला तर १३० ग्रॅमच्या वर. पातळ पँटमध्ये तो खिसा खाली ओढतो, चालताना मांडीवर आपटतो, मग आपण तो घरीच ठेवून निघतो. म्हणून ७५ ग्रॅमच्या आतलेच बघायचे ठरवलं. ओपिनेल नं. ८ साधारण ४५ ग्रॅम, बेंचमेड बगआउट ५२ च्या आसपास, स्पायडरको डेलिका ७१ आणि तिचीच धाकटी ड्रॅगनफ्लाय फक्त ३४.

ओपिनेल मला मनापासून आवडतो. पातं एकदम पातळ, आणि सफरचंद कापायला घेतलं की त्याचा फरक लगेच कळतो, जाड पातं अर्ध्यात गेलं की कापायचं सोडून पाचरीसारखं फोडायला लागतं आणि फोड कडकन तुटते, पातळ पातं सरळ खालपर्यंत उतरतं. लोक स्टीलच्या नावांवर तासन्‌तास बोलतात, पण रोजच्या कापाकापीत पात्याची जाडी आधी जाणवते असं माझं ठाम मत आहे. पण ओपिनेलची मूठ लाकडाची, ओली झाली की फुगते आणि पातं उघडायला जड जातं, शिवाय नखाने उघडायची खाच एकाच बाजूला, ती उजव्या हाताच्या सोयीची.

लायनर लॉकचंही तेच. यात पातं मिटवायला मुठीच्या आतली पट्टी बाजूला सरकवावी लागते. ती उजव्या अंगठ्याने सहज सरकते, डाव्या हातात मला तर्जनी वापरावी लागते आणि पकड बदलताना बोटं पात्याच्या वाटेत येतात. इथे मी अजिबात तडजोड केली नाही, बोटं महत्त्वाची. बॅक लॉक मुठीच्या पाठीवर असतो, दोन्ही हातांना सारखाच. बगआउटच्या लॉकलाही दोन्हीकडे बटणं आहेत, पण खिशासाठी तो मला लांब वाटला.

शेवटी बॅक लॉकवाली ड्रॅगनफ्लाय घेतली. पातं जेमतेम ५८ मिलिमीटर, पण पुढे तर्जनीसाठी खोलगट जागा असल्यामुळे पूर्ण हात बसतो. मूठ फायबर मिसळलेल्या नायलॉनची, आत स्टीलच्या पट्ट्या नाहीत म्हणूनच एवढी हलकी. पात्यातलं गोल भोक कुठल्याही अंगठ्याने उघडतं. पात्याचं व्हीजी-१० स्टील सहसा गंजत नाही, आणि धार गेलीच तर सिरॅमिक रॉडवर थोडे हात मारले की परत येते. मोठा भोपळा किंवा जाड ब्रेड कापायला हे पातं अपुरं पडतं, ते काम असेल तर डेलिकाच बघा.

घ्यायच्या आधी आपल्याकडचा कायदा नक्की तपासा. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतचं, लॉक नसलेलं घडीचं पातं कारण न देता जवळ बाळगता येतं, लॉकवाल्याला मात्र सबळ कारण लागतं, म्हणजे माझा हा चाकू तिथे त्या सवलतीत बसत नाही. आणि विमानाने जाताना चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत राहिला तर सिक्युरिटीला हातचा जातो.

तारेची क्लिप उजव्या बाजूला लावून येते, डावखुऱ्यांनी ती आल्या आल्या काढून दुसऱ्या बाजूला लावून घ्या, एकच स्क्रू आहे, फक्त तो फार आवळू नका.