सोयादूध आणि टोफूसाठी वाण निवडताना: शेतापासून भट्टीपर्यंतचा फेरफटका

सोयाबीनचे वाण बघायला जायचं तर काढणी संपल्यावर जा. वाणांच्या चाचणीच्या शेतात तेव्हा मळणी झालेली असते आणि प्रत्येक वाणाचे दाणे वेगवेगळ्या पिशव्यांत समोर मांडलेले मिळतात. उभ्या पिकात उंची आणि शेंगा दिसतात, पण दूध कसं निघेल याचा अंदाज हातात दाणा घेतल्याशिवाय येत नाही.

मी आधी दाण्याचा डोळा बघत गेलो. शेंगेला जिथे दाणा चिकटलेला असतो तिथली ही खूण काही वाणांत काळी, काहींत तपकिरी, तर काहींत दाण्याच्याच रंगाची असते. काळ्या डोळ्यामुळे दुधाला करडी झाक येते, म्हणून टोफू, म्हणजे सोयादुधाचं पनीर, बनवणारे फिक्या डोळ्याचाच वाण मागतात. सोबत छोटा वजनकाटा ठेवा आणि शंभर दाणे मोजून तोला. २० ग्रॅमच्या वर भरले तर दाणा टोफूसाठी चांगला. मोठ्या दाण्यात टरफलाचा वाटा कमी असतो.

मग प्रथिनांचं विचारा. सोयाबीनमध्ये साधारण ४० टक्के प्रथिनं असतात, काही वाण ४५ टक्क्यांपर्यंत जातात. पण नुसता आकडा पुरत नाही. या प्रथिनांत ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन हे दोन मोठे गट असतात. ग्लायसिनिन जास्त असेल तर टोफू घट्ट बसतो, दुसरं जास्त असेल तर मऊ राहतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोफूच्या भट्टीवर गेलो आणि हे डोळ्यांनी पाहिलं. दोन वाणांचं दूध, तेवढंच पाणी, दूध फाडायला तोच क्षार, हातही त्याच कारागिराचा. एका वडीचे सुरीनं स्वच्छ काप पडले, दुसरी काठाला भुगा होत होती. गंमत अशी की कपात ओतून प्यायला मला दुसरंच दूध जास्त आवडलं, कारण त्यात गोडवा होता. माझं ठाम मत इथेच झालं: दुधाचा वाण आणि टोफूचा वाण वेगळा निवडावा. दोन्हीला चालेल असा एक दाणा शोधत बसलात तर दोन्हीकडे थोडं थोडं गमवाल. जपानमध्ये फुकुयुताका हा वाण भरपूर प्रथिनांसाठी आणि होक्काइदोचा तोयोमासारी गोडीसाठी नावाजलेला आहे, तो याच फरकामुळे.

दुधाच्या बाबतीत हिरवट, कच्चा वास हा कळीचा प्रश्न. दाणा पाण्यात दळला की लायपॉक्सिजिनेज हे विकर (एन्झाइम) दाण्यातल्या तेलावर काम करू लागतं आणि तो वास तयार होतो. उकळत्या पाण्यात दळलं तर विकर लगेच निकामी होतं. वाणातच उपाय हवा असेल तर तसे वाणही आहेत. भारतातल्या एनआरसी १४२ या वाणात लायपॉक्सिजिनेज-२ हा या विकराचा प्रकार नाही आणि कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर हा पचनात अडथळा आणणारा घटकही नाही.

वाणाच्या नावाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पीक कोणत्या हंगामाचं आणि साठवण कशी. उष्ण, दमट जागी पडून राहिलेल्या दाण्यातली प्रथिनं पाण्यात नीट उतरत नाहीत. दूध पातळ निघतं आणि उत्तम वाणाचाही टोफू ढिला होतो. एकाच वाणाचे दाणे शेत बदललं तरी वेगळे वागतात. त्यामुळे नावावर भुलून पोतं उचलू नका, आधी किलोभर नमुना आणा आणि पिशवीवर वाण, हंगाम, शेत लिहून ठेवा.

घरी आल्यावर त्यातले १०० ग्रॅम रात्रभर भिजवा. थंडी असेल तर जास्त वेळ द्या. निथळून तोलल्यावर २२० ते २४० ग्रॅम भरायला हवेत. तळाशी न फुगलेले, खड्यासारखे टणक दाणे बरेच राहिले तर तो माल घेऊ नका, ते दळताना नुसता चोथा वाढवतात. भट्टीवर जाणार असाल तर आदल्या दिवशी विचारून जा आणि उजाडायच्या आत पोहोचा. सकाळी उशिरा गेलात तर फक्त तयार वड्या बघायला मिळतील.