बडोद्याहून भावनगर, गाडी बोटीत घालून

आधीच सांगते, वेळ वाचवायला म्हणून बडोद्याहून भावनगरला रो-रो फेरीने जाणार असाल तर नका जाऊ, काही वाचत नाही. तारापूर-वटामणवरून रस्त्याने दोनशेच्या आसपास किलोमीटर आहे, आणि फेरीसाठी आधी सुरत ओलांडून हजिऱ्याला जायचं, मग तीन-चार तास समुद्र, मग घोघ्याला उतरून पुन्हा वीसेक किलोमीटर. ३७० किलोमीटरचे ९० होतात वगैरे जे सांगतात ना, तो हिशोब सुरतवाल्यांचा आहे.

आपली फेरी खरी दहेजची. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये घोघा-दहेज सुरू झाली, पुढच्या वर्षी गाड्यापण जायला लागल्या, आणि दहेज म्हणजे भरूचवरून वळलं की आलंच. पण तिथे नर्मदेच्या मुखाशी गाळ इतका की बोटीला लागतं तेवढं खोल पाणीच राहीना, मग ती बंद झाली आणि नोव्हेंबर २०२० पासून हजिऱ्याहून सुरू केली. नर्मदा, मही, तापी सगळ्या आपापली माती आणून याच आखातात टाकतात, कोण काय करणार.

तरी आम्ही जातोय. कारण पोरांना गाडीसकट बोटीत चढायचंय आणि सासूबाईंना अमरेली बघायचीय. अमरेली प्रांत बडोदा संस्थानातला ना, आजेसासरे तिथे गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, घरात अजून अमरेलीच्या गोष्टी चालतात पण आमच्यातलं कोणी तिथे गेलेलं नाही.

तर ठरलंय असं की जाताना बोट, येताना रस्ता. उलटं नको, कारण हवा बिघडली की फेरी रद्द होऊ शकते, जाताना झाली तर वटामणवरून निघून जाता येतं, पण येताना घोघ्याला अडकलो आणि दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा असली की झालं! गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं, दोन्ही आधीच ऑनलाइन काढायचं. गाडी खाली लावून हँडब्रेक ओढून आपण वर येऊन बसायचं, समुद्रात असताना परत खाली सोडत नाहीत, म्हणून स्वेटर, औषधं, खाऊ सगळं एका पिशवीत वेगळं काढून ठेवणार. उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त बघायचाय तो घोघ्याचा उतार. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ तीन मजले, तिथे पक्का रॅम्प बांधून उपयोगच नाही. म्हणून एक टोक जमिनीकडे धरलेलं आणि दुसरं तरंगत्या पाँटूनवर असा पूल केलाय, पाणी चढेल-उतरेल तसा तोही खालीवर होतो आणि गाड्या त्यावरून उतरतात.

आणि याच ओहोटीवर आमची तारीख अडलीय. घोघ्याच्या जवळच कोळियाक आहे, तिथला निष्कलंक महादेव भर समुद्रात, ओहोटीला पाणी मागे गेलं की चिखलातून चालत जायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त मागे जातं, पण ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणजे आदल्या दिवशीची वेळ ऐकून गेलो तर समोर नुसतं पाणी. कोकणातल्या आत्या तिथीची पाऊणपट करून भरती सांगतात, ते इथे चालत नाही, आखातात आत येईतो भरतीला उशीर होतो. भावनगरचंच टाइडटेबल बघायचं, आणि त्याप्रमाणे आधी कोळियाक की आधी हॉटेल ते ठरवायचं.

नवरा म्हणाला कार्तिकी पौर्णिमेला जाऊ, सुट्टी जोडून आहे. पण त्या दिवशी चातुर्मास संपून जवळच्या पालिताण्याची जैनांची यात्रा परत सुरू होते, लाखांनी माणसं येतात, भावनगरला खोली मिळणं कठीण. म्हणून मी त्यापुढची अमावास्या धरलीय. सासूबाईंना अमावास्येला निघणं पटत नाहीये, पण महादेवाला जायचंय म्हटल्यावर थोड्या नरमल्यात.

आदल्या रात्री सुरतेला नणंदेकडे मुक्काम, सकाळी लोचो खाऊन हजिऱ्याला. म्हणजे ते सगळे खातील, मी नुसता चहा घेणार, बोटीचं काही सांगता येत नाही.