ब्लेडच्या पापण्या

"अरे, हा तर ब्लेड!" बाबांचा घास हातातच राहिला.

पडद्यावर वेस्ली स्नाइप्स, 'ब्लेड' सिनेमातला व्हँपायर मारणारा हीरो, खोट्या पापण्या लावून. शेजारी पॅट्रिक स्वेझी. १९९५चा 'टू वाँग फू': न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघालेल्या तीन ड्रॅग क्वीन्स (बायकांच्या वेशात नटूनथटून रंगमंचावर येणारे पुरुष), गाडी एका खेड्यात बंद पडते.

बाबा खो-खो हसले. दहा मिनिटांनी मात्र गप्प. मग एवढंच, "बसतो कसा बघ तो." स्वेझी पाठ ताठ, गुडघे जुळवून बसलेला. (बॅले शिकलेला गडी, आई नृत्यशिक्षिका. त्याच्या हाणामारीच्या सिनेमांत हे कुठे दिसणार?)

बालगंधर्वांचं नाव निघालं की हेच बाबा हळवे होतात. आणि आपल्या विनोदी सिनेमात पुरुषाने साडी नेसली की पदर घसरायलाच हवा.

"कसा वाटला?" शेवटी विचारलं.

"तो ब्लेड आहे हे मधेच विसरलो बघ."