टेस्ट पास झाली, मग व्हायल गोठली कशी?

लस गोठल्याचा संशय आला तर काय करायचं, याची पद्धत म्हणजे शेक टेस्ट. ती अर्ध्या पानात मावते. ती पार पाडायला आम्हाला पावणेदोन दिवस लागले आणि तिचे कागद मंजूर व्हायला २३ दिवस. त्या २३ पैकी २० दिवस लशीच्या एकाच कुपीपायी, म्हणजे व्हायलपायी गेले. ती व्हायल का निकामी झाली याबद्दल तिळमात्र शंका नव्हती, कारण ती मीच गोठवली होती. आरोग्य केंद्राचा चार्ज नव्याने घेतलेल्या डॉक्टरांवर ही वेळ कधी ना कधी येतेच, म्हणून लिहून ठेवतोय.

आयएलआरमधल्या (लस ठेवायच्या फ्रिजमधल्या) तीस दिवसांचं तापमान नोंदवणाऱ्या लॉगरवर सकाळी बरोबरच्या खुणेऐवजी फुली दिसली. हा लॉगर दोन कारणांनी फुली दाखवतो. तापमान उणे ०.५ अंश किंवा त्याखाली सलग ६० मिनिटं राहिलं, किंवा अधिक ८ च्या वर सलग १० तास राहिलं, तर. म्हणजे उष्णतेला दहा तासांची सवलत आणि थंडीला एका तासाची. तरी आपल्याकडे कुणालाही विचारा, लशीला भीती कशाची, तर उत्तर येतं ‘गरमीची’. आमच्याही घोटाळ्याचं मूळ तेच. आदल्या दुपारी लसीकरण सत्राच्या गडबडीत झाकण चारदा उघडलं गेलं, नोंदीच्या वेळी ८.४ दिसलं, आणि कुणीतरी काळजीपोटी थर्मोस्टॅट थंडकडे फिरवला. रात्री पारा उणे १.९ पर्यंत गेला आणि अडीच तास शून्याखाली राहिला. त्यात जागा होत नाही म्हणून खालची टोपली आधीच काढून ठेवलेली, खोकी थेट तळाला टेकलेली. वरून उघडणाऱ्या आयएलआरमध्ये सगळ्यात थंड जागा तळ आणि भिंती. काही मिनिटं ८ च्या वर गेलेला पारा झाकण लावल्यावर आपोआप खाली येतो. डायलला हात लावायचं काही कारणच नव्हतं. नव्या ए ग्रेडच्या आयएलआरमध्ये वापरणाऱ्याने काहीही केलं तरी लस गोठू नये अशी रचना असते. आमचा जुना आहे.

अशा वेळी पहिली चूक होते ती घाईने सगळं फेकून देण्याची, दुसरी काहीच झालं नाही असं मानून सत्राला लस पाठवण्याची. दोन्ही करू नका. गोठण्याने बिघडणाऱ्या लशी वेगळ्या काढा, पिशवीत घालून ‘संशयित, वापरू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि २ ते ८ अंशांतच ठेवा. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), पीसीव्ही (न्यूमोकोकलची), एचपीव्ही या अॅल्युमिनियम असलेल्या लशी त्यात येतात. तोंडी पोलिओ, बीसीजी, गोवर-रुबेला गोठल्याने बिघडत नाहीत, त्यांना हात लावू नका. बीसीजी आणि गोवर-रुबेलाचं डायल्युएंट (लशीची पूड कालवायचं द्रव) मात्र गोठू देऊ नये, अँप्युलला तडा जातो. आयपीव्हीला (इंजेक्शनच्या पोलिओ लशीला) शेक टेस्ट लागू नाही, कारण तिच्यात खाली बसणारा अॅल्युमिनियमचा साकाच नसतो. तिचा निर्णय लॉगरची नोंद पाठवून वरूनच मागवायचा. आणि एखादी व्हायल हातात घेतल्यावर आत सरळ बर्फच दिसला, तर तिला टेस्टची गरज नाही. ती बाद.

आमच्याकडे त्या दिवशी पेंटा संपलेली होती. राहिल्या दोन बॅच: हिपॅटायटिस बीच्या ४६ व्हायल आणि टीडीच्या ३८.

शेक टेस्ट ही दोन व्हायलची शर्यत आहे. एक संशयित आणि एक कंट्रोल, म्हणजे मुद्दाम गोठवलेली. कंट्रोल त्याच लशीची, त्याच कंपनीची आणि त्याच बॅचची हवी. ‘मागच्या महिन्यात मुदत संपलेली एक पडली आहे, ती गोठवा’ असं मला सुचवण्यात आलं होतं. चालत नाही. बॅच बदलली की साका बसण्याचा वेग बदलतो, मग तुलना कशाशी करणार? कंट्रोलवर आधी पेनने ‘गोठवलेली’ लिहा, मग ती डीप फ्रीझरमध्ये उणे २० ला रात्रभर, निदान १० तास ठेवा. आतलं सगळं घट्ट झालं पाहिजे. सकाळी बाहेर काढून आपोआप वितळू द्या. कोमट पाणी, हाताची ऊब, उन्हाची खिडकी, काही नको. पूर्ण वितळली की दोन्ही व्हायल एकाच हातात धरून १० ते १५ सेकंद जोरात हलवायच्या. एकाच हातात, कारण दोन हातांचा जोर सारखा नसतो. मग सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून उजेडासमोर बघत बसायचं, जास्तीत जास्त ३० मिनिटं. लेबल मोठं असेल आणि आतलं दिसत नसेल तर दोन्ही उलट्या धरून मानेत काय जमतंय ते बघायचं.

गोठलेल्या लशीत बर्फाचे स्फटिक अॅल्युमिनियमचे कण एकमेकांवर दाबतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि वितळल्यावरही ते सुटत नाहीत. जड कण लवकर खाली बसतात. संशयित व्हायल कंट्रोलपेक्षा सावकाश बसली तर ती गोठलेली नाही, टेस्ट पास. कंट्रोलच्या बरोबरीने किंवा आधी बसली तर नापास. आमच्या हिपॅटायटिस बीच्या दोन्ही व्हायलमध्ये पाचव्या मिनिटाला वर पाणी आणि खाली पांढरा थर, कोणती कुठली ते लेबल वाचल्याशिवाय सांगता येऊ नये इतक्या सारख्या. टीडीच्या जोडीत कंट्रोलचं वरचं पाणी निवळलं होतं आणि संशयित अजून दुधाळ होती. यात नवल काही नाही. हिपॅटायटिस बी उणे ०.५ च्या आसपासच गोठू लागते, टीडीला त्याहून बरीच जास्त थंडी लागते. टेस्ट डोळ्यांनी बघायची म्हणून तिला कमी लेखू नका. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये तिची रीतसर पडताळणी छापून आली आहे आणि ती पुरेपूर उतरली.

संशयित व्हायल निवडताना मात्र वरची, हाताला सोपी येणारी घेऊ नका. तळाला किंवा भिंतीला चिकटलेली घ्या.

तर हिपॅटायटिस बी ४६ बाद, टीडी ३७ वापरायला मोकळ्या. सांगितलं तेवढंच काम असतं तर दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं होतं. आता टीडी ३८ होत्या, ३७ कशा झाल्या, हे कागदावर सांगायचं होतं.

निर्लेखनाचा, म्हणजे बाद माल साठ्यातून कमी करण्याचा, तक्ता ठरलेला असतो. लस, बॅच, संख्या आणि बाद होण्याचं कारण. कारणांचे रकाने पाच: मुदत संपली, व्हीव्हीएम (व्हायलवरची उष्णता दाखवणारी चकती) बदलला, फुटली, गोठली, उघडून उरली. हिपॅटायटिस बीच्या ४६ ‘गोठली’मध्ये टाकल्या. त्यात कंट्रोलही आली, कारण तीही त्याच फ्रिजमधली, त्याच बॅचची. टीडीची एक कंट्रोलही ‘गोठली’मध्येच टाकली, कारण ती गोठलीच होती. सोबत शेक टेस्टचा अहवाल जोडला. हिपॅटायटिस बी नापास, टीडी पास.

सातव्या दिवशी कागद वरच्या कार्यालयातून परत आला. दोन शेरे. पहिला: व्हीव्हीएम वापरण्यायोग्य असताना हिपॅटायटिस बी बाद का? हा शेरा निदान समजण्यासारखा. व्हीव्हीएम फक्त साठत गेलेली उष्णता दाखवतो. लस दगडासारखी गोठली तरी त्याचा आतला चौकोन तसाच फिकट राहतो. १९९६ पासून, आधी तोंडी पोलिओच्या आणि मग इतर लशींच्या व्हायलवर ती चकती आहे, आणि अजूनही ‘व्हीव्हीएम ठीक म्हणजे लस ठीक’ असंच धरलं जातं. चार ओळींत उत्तर दिलं, लॉगरची छापील नोंद जोडली, मिटलं.

दुसरा शेरा: टीडीची टेस्ट पास असताना एक व्हायल गोठली कशी?

मी लिहिलं, ती कंट्रोल आहे. चौदाव्या दिवशी पुन्हा परत. शेरा: ‘कंट्रोल’ हे कारण तक्त्यात नाही. मग तिकडे फोन केला. बाहेर ओपीडीची रांग, फार्मासिस्ट समोर नोंदवही उघडून उभा.

‘डॉक्टर, टेस्ट पास आहे ना?’

‘हो.’

‘मग व्हायल गोठली कशी?’

‘मीच गोठवली. टेस्टसाठी.’

‘म्हणजे चांगली लस तुम्ही स्वतः गोठवलीत? असं लेखी देऊ नका, ऑडिटला उत्तर देता येणार नाही. फुटली म्हणून टाका ना, एकच तर आहे.’

त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. त्याला फाइल पुढे ढकलायची होती, मलाही. पण ‘फुटली’ लिहू नका, आणि हे मी तत्त्वासाठी सांगत नाही. एक तर खोटं तिथेच पकडलं जातं, कारण शेक टेस्टच्या अहवालात कंट्रोलचा बॅच नंबर असतोच. दुसरं, आयएलआर बदलून मिळावा म्हणून उद्या मागणी केलीत तर पहिला प्रश्न येतो की वर्षभरात गोठून किती लस गेली. तुम्ही सगळं ‘फुटली’मध्ये घातलं असेल तर कागदावर तुमचा आयएलआर उत्तम आणि तुमची माणसं धांदरट ठरतात.

या सगळ्यात खरी अडचण त्या एका व्हायलची नव्हती. शिल्लक जुळत नाही तोवर पुढचं टीडीचं मागणीपत्र अडकलं. त्यांच्या पडद्यावर ३८, आमच्या नोंदवहीत ३७. दहा डोसांचा फरक. गरोदर बायांना द्यायची लस, आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे चार व्हायल उरल्या. शेजारच्या केंद्रातून दहा उसन्या आणल्या, त्याच्या नोंदी आणखी वेगळ्या. त्या आठवड्यात मी किती रुग्ण तपासले याचा हिशेब कुणी मागितला नाही. दहा डोसांचा रोज मागितला.

कागद सुटला तो असा. आम्ही कारणाच्या रकान्यात पुन्हा ‘गोठली’च ठेवलं, पण साठा नोंदवहीच्या पानाची प्रत जोडली. त्यात फ्रीझरमध्ये ठेवण्याच्या दिवशी, वेळेसकट, ‘शेक टेस्टसाठी कंट्रोल म्हणून काढली, व्हायल १’ अशी खर्चाची ओळ होती, खाली माझी आणि फार्मासिस्टची सही. ही ओळ फार्मासिस्टने स्वतःहून त्याच संध्याकाळी घातली होती. मला तिचं महत्त्व तेव्हा कळलं नव्हतं आणि पहिल्या दोन्ही वेळा ती प्रत मी जोडलीच नाही. म्हणजे वीस दिवसांतले निम्मे माझ्या खात्यावर. व्हायल टेस्टसाठी ‘खर्ची’ पडली म्हटल्यावर तिकडच्या माणसाला कुठे बसवायची ते लगेच सुचलं. तीन दिवसांत मंजुरी.

तेव्हा कंट्रोल फ्रीझरमध्ये जाण्याआधी नोंदवहीत जाऊ द्या. जमलं तर त्याच दिवशी वरच्या भांडाराला दोन ओळी कळवा आणि जावक क्रमांक टाका. मंजुरी मागू नका, माहिती द्या. मंजुरीची वाट बघत बसलात तर टेस्ट आठवडाभर लांबते. हलवण्याच्या क्षणापासून मोबाइलवर व्हिडिओ घ्या, दोन्ही लेबलं आणि घड्याळ दिसेल असा. आमच्याकडे फक्त शेवटचा फोटो होता.

बाद ठरलेल्या व्हायल मंजुरी येईपर्यंत आयएलआरमध्ये ठेवायला सांगतील. ठेवू नका. शीतसाखळीत राहिलेली बाद व्हायल गर्दीच्या दिवशी कुणाच्या तरी हातात येते. पिशवी सील करून, वर ‘निकामी’ आणि संख्या लिहून, कपाटात कुलूप लावून ठेवा. मोजायला आलेल्याला कपाटातही मोजता येतात.

एक राहिलंच. लस फक्त रात्रीच्या फ्रिजमध्ये नाही, सत्राला न्यायच्या पेटीत, म्हणजे कॅरिअरमध्येही गोठते आणि तिथे बहुधा लॉगर नसतो. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक उणे २० चा असतो, तो तसाच कॅरिअरमध्ये घातला की त्याला टेकलेली व्हायल गेलीच. पॅक टेबलावर पसरून ठेवा, पृष्ठभागावर घाम येऊ द्या, आणि कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मगच भरा. सकाळी सिस्टरांना निघायची घाई असते, म्हणून पॅक बाहेर काढण्याचं काम सगळ्यात आधी येणाऱ्याकडे द्या.

थर्मोस्टॅटच्या डायलवर आम्ही आता चिकटपट्टी लावली आहे आणि तळाची टोपली परत बसवली आहे. नोंदवहीच्या छापील पाच रकान्यांशेजारी फार्मासिस्टने पट्टी धरून सहावा आखला, ‘टेस्टसाठी खर्च’. गेल्या आठवड्यात वरून नव्या नोंदवह्या आल्या. रकाने पाचच आहेत.